पाहणाऱ्याचं नाव

"हे तू स्वतः पाहिलंस?" दीनानाथ मास्तरांनी हातातला कागद डोळ्यांपासून लांब धरत विचारलं.

"व्हय मास्तर," महिपती म्हणाला. "बाजाराच्या तोंडाशी उभा व्हतो मी. मावशीनं मीठ आणाया धाडलंतं."

"किती लांब होतास?"

"हितनं त्या नकाशाएवढा."

भूगोलाच्या खोलीतला हिंदुस्थानचा नकाशा समोरच्याच भिंतीवर होता. एवढ्या अंतरावरून डोळे असलेल्या माणसाला चुकायला जागा नव्हती. मास्तरांनी कागद पुन्हा वाचायला घेतला.

बेचाळीस सालचा ऑगस्ट लोणावळ्यात कसाबसा संपला होता. पुढारी तुरुंगात होते, गावात जमावबंदी होती, आणि रस्त्याने सारख्या लष्करी गाड्या जात होत्या. शनिवारची अर्धी शाळा सुटली की पोरं घरी पळत, पण मास्तरांचा वृत्तवर्ग या दिवसांतही नेमाने भरे. वर्ग म्हणजे काय, तर पाच मुलं, त्यांतली एक मुलगी, आणि मास्तर. बातमी कशी गोळा करावी, कशी लिहावी, तिच्यातलं पाणी कसं काढून टाकावं, हे ते शिकत आणि दर सोमवारी 'मावळवारा' नावाचं हस्तलिखित साप्ताहिक काढत. शाळेच्या अभ्यासक्रमात हे कुठेच नव्हतं. हेडमास्तर त्याला मास्तरांचं खूळ म्हणत आणि पाहुणे आले की त्यांना तेच खूळ कौतुकाने दाखवत.

महिपतीच्या कागदावर लिहिलं होतं : 'बुधवारी सकाळी हौशीराम हमाल डोक्यावर पोते घेऊन रस्ता ओलांडत होता. लष्करी गाड्या येणार म्हणून एक पोलीस रस्ता मोकळा करत होता. त्याने हौशीरामला हटण्यास सांगितले. हौशीरामला ऐकू आले नाही. पोलिसाने त्याच्या कानामागे काठी मारली. हौशीराम पडला. शुक्रवारी तो घरी वारला. पाहणारा : महिपती कोंडाजी दहिभाते.'

शेवटची ओळ ही वृत्तवर्गाची रीत होती. बातमीखाली बातमीदाराचं नाव नसे, पाहणाऱ्याचं असे. ऐकीव मजकुराला 'मावळवाऱ्या'त थारा नव्हता. पाहिलं असेल तर लिही आणि खाली नाव घाल, नसेल पाहिलं तर गप्प बस, एवढाच मास्तरांचा सगळा पत्रकारितेचा धडा होता.

कागदात एक शब्द जास्तीचा नव्हता. 'निर्दय' नव्हता, 'बिचारा' नव्हता. असं लिहिणारा मुलगा भेटावा म्हणून मास्तरांनी उभी हयात वाट पाहिली होती. त्यांना इतका आनंद झाला, की तो संपायच्या आत त्यांनी तांबडी पेन्सिल उचलली आणि कागदावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढली. रेघ वेडीवाकडी गेली.

"खोटी हाय का, मास्तर?" महिपतीने विचारलं.

"खरी आहे."

"मग आपण पाहायचं तरी कशाला, सर?" हा केशव. डॉक्टरांचा मुलगा, पहिल्या बाकावरचा. त्याचा आवाज चढला होता. "आंब्याचा बहर आणि बक्षीस समारंभ, एवढंच पाहायचं का?"

"अंक चालू राहिला पाहिजे," मास्तर म्हणाले. "तो बंद पडला, की मग काहीच लिहिता येत नाही. मी बंद पडलेलं वर्तमानपत्र पाहिलंय. तुम्ही नाही पाहिलेलं."

हे खरं होतं. तरुणपणी मास्तर पुण्याच्या एका छोट्या वर्तमानपत्रात मुद्रितं तपासत. सरकारने जामीन मागितला, मालकाला तो भरता आला नाही, आणि एका आठवड्यात छापखान्यातले शिशाच्या अक्षरांचे खिळे भंगारवाल्याच्या तागडीत गेले. त्या खिळ्यांचा खळखळाट मास्तरांच्या कानातून कधी गेला नाही. ते शाळामास्तर झाले, पण छापील अक्षराची हाव काही सुटली नाही. छापखाना काढणं तर शक्य नव्हतं. मग त्यांनी एक अक्षर तयार केलं. आधी पट्टीने शिरोरेघ आखायची, मग तिला एकेक अक्षर टांगत जायचं; सगळी उभी, सगळी सारख्या जाडीची, काना कुठे लांब नाही की वेलांटी कुठे ऐटबाज नाही. हे अक्षर ते वृत्तवर्गातल्या प्रत्येकाकडून घोटून घेत. अंक पाच जणांनी लिहिलेला असे, पण दिसे एकाच हातचा; हातचा कसला, छापलेलाच दिसे. "अंकात माणूस दिसता कामा नये, बातमी दिसली पाहिजे," असं ते म्हणत. मुलांना ते कौतुकाने 'माझे खिळे' म्हणत. पोरांना आपण खिळे म्हणतो आहोत याचं त्या भल्या माणसाला काहीच वाटत नसे.

अंकाची प्रत एकच. सोमवारी ती वाचनालयाच्या टेबलाला सुतळीने बांधलेली असे, मंगळवारपासून गावात घरोघर फिरे. शेवटचं पान कोरं ठेवलेलं असे आणि त्यावर मथळा असे, 'वाचणारा'. अंक वाचला त्याने तिथे सही करायची. पोस्टमास्तर करत, गुळदाणी-चिक्कीचा दुकानदार करी, बंगल्यातले पेन्शनर इंग्रजीत करत. पूर्वी पहिली सही नेहमी मास्तरांची असे. गेली दोन वर्षं ती नव्हती, आणि मुलं गमतीने म्हणत, सर आपला अंक वाचत नाहीत वाटतं.

सर अंक अक्षरन् अक्षर वाचत होते. त्यांचा उजवा हात कापायला लागला होता, एवढंच. फळ्यावर लिहायचं आलं की ते वृत्तवर्गातल्या इंदिरेला उठवत, "तुझं अक्षर मोठं येतं" म्हणून. पगाराची सही करायला ते कचेरीत सगळे गेल्यावर जात. हात कापणारा मास्तर शाळा ठेवून घेईल याची त्यांना खात्री नव्हती, आणि शाळेबाहेर त्यांना दुसरं काही नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं.

होता तो महिपती. बेडशाच्या कोंडाजी दहिभात्यांचा हा मुलगा मराठी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल होऊन आला तेव्हा त्याचं अक्षर म्हणजे चिखलात कोंबड्या नाचलेल्या. "हे कुणाला वाचता येतं का?" असं मास्तरांनी भर वर्गात विचारलं होतं आणि सगळे हसले होते. पोरगं हसलं नाही, रडलंही नाही. बयाबाई मावशीच्या खोलीत बसून ते वर्षभर रेघेला अक्षरं टांगत राहिलं, आणि वर्षाने त्याचा कागद छापील पानाशेजारी ठेवला तर फसायला होई. बेडशात आजवर कुणी मॅट्रिक झालेलं नव्हतं. महिपती मार्चमध्ये बसणार होता. पुण्याच्या एका संपादकांनी मास्तरांना शब्द दिला होता, मॅट्रिक झाला की पाठवून द्या, उमेदवारीला घेतो. मास्तरांच्या आयुष्यातून काही निघालंच तर ते एवढंच निघणार होतं.

मंगळवारी सकाळी बाजारात, भाताच्या वखारीच्या फळीवर, एक कागद चिकटवलेला दिसला. हौशीरामची बातमी होती, शब्दाला शब्द. फक्त खालचं पाहणाऱ्याचं नाव गाळलं होतं. लोकांना वाटलं, कुठून तरी छापून आलंय. पोलिसांनी कागद उतरवला तेव्हा निम्म्या गावाचा वाचून झाला होता. आणि पोस्टमास्तर, साधा सरळ माणूस, चारचौघांत बोलून गेले, "अरे, हा तर 'मावळवाऱ्या'चा टाइप!"

दुपारी हेडमास्तरांनी मास्तरांना बोलावलं. ते बसा म्हणाले नाहीत.

"उद्या फौजदार येताहेत. तुमच्या पाचही दिवट्यांना समोर बसवून मजकूर लिहून घेणार आहेत. ज्याचं अक्षर जुळेल तो जाणार. दीनानाथराव, शाळेची मान्यता टांगणीला लागली आहे, कळतंय ना?"

मास्तरांना कळत होतं. शाळा सुटल्यावर त्यांनी पाचांना भूगोलाच्या खोलीत घेतलं आणि दार लोटलं.

"सर," केशव उभा राहिला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "सर, मला एक सांगायचंय. तो कागद—"

"खाली बस! मला काही सांगू नकोस," मास्तर जवळजवळ ओरडले. "मी ऐकलं तर मला खोटं बोलावं लागेल, आणि ते मला जमत नाही."

केशव बसला. एवढं पुरेसं होतं. खोलीत सगळ्यांना जे कळायचं ते कळलं, आणि कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

"उद्या लिहायला सांगतील," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "आपला टाइप काढायचा नाही. वृत्तवर्गात येण्याआधी तुमचं जे अक्षर होतं, वहीतलं, घरचं, ते काढायचं. वाकडं येऊ दे, गिचमिड येऊ दे. कुणाचंच जुळलं नाही, की कुणीच जाणार नाही. समजलं?"

मुलांनी माना हलवल्या. महिपतीनेही हलवली. पण तो आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला होता. मास्तर आपल्या युक्तीवर खूश होते. त्यांनी तिकडे पाहिलं नाही, आणि पुढे कित्येक दिवस त्यांना तीच मान हलताना दिसत राहिली.

दुसऱ्या दिवशी फौजदार आले. उंच, सभ्य, चहा नको म्हणणारे. त्यांनी पाचांना लांब लांब बसवलं, पट्ट्या काढून घेतल्या आणि बाजारातल्या कागदावरचा मजकूर सावकाश सांगायला सुरुवात केली. "बुधवारी सकाळी हौशीराम हमाल..."

मास्तर खिडकीशी उभे होते. केशवने पळतं, तिरपं अक्षर काढलं, डॉक्टरांच्या चिठ्ठीसारखं. इंदिरेने गोल गोल काढलं, आईला पत्र लिहावं तसं. उरलेल्या दोघांनीही आपापलं जुनं गबाळ बाहेर काढलं. मास्तरांना हायसं वाटलं. मग त्यांची नजर महिपतीच्या कागदावर गेली.

'बुधवारी सकाळी' एवढे दोन शब्द महिपतीने वाकडे काढले होते. लिहिले नव्हते, चित्र काढतात तसे काढले होते. त्याच्या कपाळावर घाम होता. फौजदार पुढे सांगत होते, बोटं मागे पडत होती, आणि तिसऱ्या शब्दाला हात आपल्या वाटेने चालू लागला. पट्टी नसताना शिरोरेघ सरळ गेली. तिला एकामागून एक अक्षरं टांगली गेली, उभी, सारखी, छापल्यासारखी. महिपतीने मध्येच थांबून हात झटकला. पुन्हा सुरू केलं तेव्हा पुन्हा तेच आलं.

त्याला दुसरं अक्षरच नव्हतं. बाकीच्यांनी मास्तरांचं अक्षर अंगरख्यासारखं वर घातलं होतं, याचं जुनं मास्तरांनीच हसून हसून मोडून टाकलं होतं. हे आत्ता, या घटकेला, मास्तरांच्या ध्यानात आलं.

फौजदारांनी पाचही कागद गोळा केले. महिपतीचा वर ठेवला.

"वा," ते म्हणाले. "दोन शब्द वाकडे आणि मग सगळं सरळ. सोंग घ्यायला गेलास, पण जमलं नाही होय रे? तू लिहिलास तो कागद?"

"न्हाई."

"मग कुणी लिहिला?"

महिपतीने मान वर केली. त्याने केशवकडे पाहिलं नाही. तो मास्तरांकडे बघून म्हणाला, "मी पाहिलं न्हाई, साहेब. पाहिलं न्हाई ते मला सांगता येत न्हाई."

"मजकूर तर तुझाच दिसतोय."

"मजकूर माझाच हाय. त्यो मी पाहिलाय. हौशीरामला मारलेलं मी पाहिलं."

मग मास्तर पुढे आले.

"साहेब, मुलाला सोडा. तो कागद मी लिहिला."

हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला. फौजदारांनी मास्तरांना नीट न्याहाळलं आणि स्वतःची खुर्ची त्यांच्यापुढे सरकवली. "बसा मास्तर. हे अक्षर मुळात तुमचंच, हे मी ऐकलंय. लिहून दाखवा. एकच ओळ."

मास्तर बसले. टाक हातात घेतला. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं, दात आवळले, आणि शिरोरेघ ओढायला गेले. टाक कागदावर थडथडला. रेघ सुरू झाली, खाली घसरली, फाटली, शाईचा डाग पडला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. 'बु' काढला, तो कुणाला वाचता आला नसता.

इंदिरेने तोंडाला पदर लावला. फौजदारांनी त्यांच्या हातातून टाक हळूच काढून घेतला, आणि ते चिडले नाहीत हे जास्त वाईट होतं.

"तुमच्याच्यानं हे लिहिलं जायचं नाही, मास्तर," ते म्हणाले. "घरी जा. हाताला तेल लावा."

महिपतीला नेताना दाराशी तो क्षणभर थांबला. "मास्तर, रात्रभर बसलतो," तो म्हणाला. "आदीचं आठवतच न्हाई वो." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो फक्त का जमलं नाही ते सांगत होता, गणित चुकल्यावर सांगावं तसं.

त्या संध्याकाळी केशव मास्तरांच्या घरी आला आणि उंबऱ्यातच रडायला लागला. "मी लिहिला, सर. मला वाटलं, कुणालाच कळणार नाही. सगळ्यांचं अक्षर एकच आहे म्हणून मला वाटलं. मी उद्या जाऊन सांगतो."

"उद्या नको. आत्ता जा," मास्तर म्हणाले.

तो गेला. पण चौकीकडे जाण्याआधी तो घरी गेला, वडिलांच्या पाया पडायला, आणि वडील शहाणे होते. दुसऱ्या दिवशी कळलं, की केशवला इंदूरला मामाकडे पाठवलं आहे, हवा मानवत नाही म्हणून. लोणावळ्याला लोक हवा खायला येतात आणि डॉक्टरांच्या मुलाला तिथली हवा मानवेना. मास्तरांना त्याचा संताप आला, मग स्वतःचा आला. रेघ मारून ती बातमी त्यांनीच तर अंकातून बाहेर काढली होती.

महिपतीवर खटला उभा राहिला नाही. नुसताच अडकवून ठेवला. त्याचं नाव शाळेच्या पटावरून निघालं. 'मावळवारा' बंद झाला. दिवाळीच्या सुट्टीआधी हेडमास्तर गोड आवाजात म्हणाले, "दीनानाथराव, तुमच्या प्रकृतीचं आम्हाला ठाऊक नव्हतं हो. आता विश्रांती घ्या." मास्तर विश्रांती घ्यायला मोकळे झाले.

भातं कापून झाली तेव्हा बयाबाई बाजारात भेटली. "पोरगं सुटलं वो मास्तर," ती म्हणाली. "बेडशाला गेलंय. कुणाशी बोलत न्हाई." मास्तर दुसऱ्या दिवशी कामशेतला उतरले आणि खिंड चढून चालत निघाले. चालताना ते काय बोलायचं ते जुळवत होते. क्षमा कर म्हणायचं होतं, आणि पुण्याच्या संपादकांनी आपला शब्द मागे घेतला हेही सांगायचं होतं. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात बसत नव्हत्या.

डोंगराच्या पोटातली लेणी दिसायला लागली आणि खाली खळ्यावरून भात झोडपल्याचा आवाज आला. कोंडाजीने लांबूनच ओळखलं. त्याने मुंडाशाने घोंगडी झाडून अंथरली.

"या, मास्तर. लय लांब आलात."

"महिपती?"

"हाय की. चावडीकडं गेलाय."

महिपतीची आई झुंबरबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. तांब्या ठेवला आणि ती तिथेच उभी राहिली. "मास्तर, येक इचारू का? पोरगं साळंत धाडलं. त्याचं अक्षर लय वंगाळ व्हतं म्हनून तुमी ते सुधारलंत. मग अक्षर चांगलं झाल्यालं कुणाला पाहावलं न्हाई व्हय?"

"गप ग," कोंडाजी म्हणाला.

"त्यांना बोलू द्या," मास्तर म्हणाले. "त्याचं काही चुकलं नाही, बाई. बातमी खरी होती आणि ती मी अंकात येऊ दिली नाही. मी भ्यालो. आणि त्याला त्याचं अक्षर मी राहू दिलं नाही. जे झालं ते माझ्यामुळे झालं."

झुंबरबाईने पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, "पाणी तर प्या."

चावडीच्या भिंतीशी महिपती उभा होता. तो वाळला होता, हनुवटीवर दाढीचे खुंट आले होते. मास्तरांना पाहून तो वाकला, पाया पडला, आणि उठल्यावर कोळशाने माखलेला हात त्याने पाठीमागे नेला.

"हात दाखव," मास्तर म्हणाले.

बोटांची पेरं सुजून बसली होती. "कोठडीत रोज त्योच मजकूर लिवाया लावायचे," महिपती म्हणाला. "जुळवून बगायला. रेघ सरळ आली का पट्टी बोटांवर. वाकडी काढली का सोंग करतो म्हनून पुन्यांदा पट्टी." त्याने बोटं मिटून घेतली. "मास्तर, रागावू नका. ते अक्षर मी आता सोडलं. ते काढाया गेलं का पट्टीच डोळ्यापुढं येती."

मास्तरांनी मान हलवली. महिपती बाजूला झाला, आणि त्याच्या पाठीमागची भिंत दिसली.

सारवलेल्या भिंतीवर कोळशाने लिहिलं होतं. शिरोरेघ नव्हतीच. अक्षरं कुठे मोठी, कुठे बारकी, पोरांच्या पाटीवरच्यासारखी एकमेकांवर आदळत गेलेली. पहिल्यांदा शिकणाऱ्याचं अक्षर होतं ते. मास्तरांना एकेक शब्द लावावा लागला. बुधवारी सकाळी हौशीराम हमाल डोक्यावर पोते घेऊन रस्ता ओलांडत होता. शेवटपर्यंत तेच शब्द होते, एक कमी नाही, एक जास्त नाही. आणि बाजारातल्या कागदावर नव्हती ती ओळ इथे होती : पाहणारा : महिपती कोंडाजी दहिभाते.

"अरे, पुन्हा नेतील तुला," मास्तर म्हणाले.

"नेतील. पर तवा मी लिवलं नव्हतं आन् नेलं. आता लिवलंय, तर नेऊ द्या."

"आणि गावचे पाटील?"

"भिमाजी पाटील? सकाळी आलते. म्हनले, काय खरडलंस ते वाचून दाव. दावलं. लय येळ उभं व्हते. हौशीराम त्यांच्या चुलत्याच्या शेजारचा. मग म्हनले, खाली त्ये तुमच्या कागदावानी सह्यांचं काय असतंय?"

बातमीच्या खाली, हातभर जागा सोडून, 'वाचणारा' असं लिहिलेलं होतं. त्याखाली नाव एकही नव्हतं. अंगठ्यांचे काळे ठसे होते. बोटाला कोळसा चोळून एकेकाने भिंतीवर उठवलेले. पुरुषांचे रुंद, बायकांचे अरुंद, काही पुसटलेले, एक इतका वर, की उठवणारा माणूस भलताच उंच असावा. ज्यांना महिपतीने वाचून दाखवलं होतं त्या सगळ्यांनी ते आपण वाचलं असं मानलं होतं.

मास्तर एकेक अंगठा पाहत गेले. संपादकांचा निरोप सांगायचा होता, तो ते विसरून गेले. मग त्यांनी वाकून भिंतीच्या बुडाशी पडलेला कोळशाचा तुकडा उचलला.

हात लगेच कापायला लागला. महिपती पुढे झाला आणि त्याने मनगटाला आधार द्यायला हात लांबवला.

"धरू नकोस," मास्तर म्हणाले.

अंगठ्यांच्या खाली त्यांनी लिहायला घेतलं. शिरोरेघ आखली नाही. कोळसा भिंतीवर खरखरला, घसरला, दोनदा तुटला. खळ्यावरचं झोडपणं थांबलं होतं आणि कोंडाजी, झुंबरबाई येऊन मागे उभे राहिले होते. मास्तर घामाघूम झाले, पण त्यांनी नाव पुरं केलं, बापाच्या नावासकट आणि आडनावासकट, आणि मागे सरले. भिंतीवर जे उमटलं होतं ते चिखलात कोंबड्या नाचल्यासारखं होतं.

"वाचता येतं का रे?" त्यांनी विचारलं.

महिपती भिंतीजवळ गेला. ओठ हलवत, एकेक अक्षर लावत त्याने वाचलं, "दीनानाथ... विष्णू... रिसबूड."

"येतं," तो म्हणाला. "जरा थांबून लावाया लागतं, मास्तर. पर येतं."